बाजारच्या दिवशीची खिडकी

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तुमच्या खिडकीशी बायका अजून बोलतात. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहिता लिहिता मी भलतीकडं गेले तर तेवढंच राहून जाईल. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मीठ आणायला धाडलं की मी घोडेगावात कुणाच्या तरी बारशाला जेवून यायची, आणि मीठ दुकानातच. तर उद्या पुण्याहून त्या प्राध्यापक बाई येणार आहेत, तुमच्या वह्या न्यायला. सगळ्या वह्या छापायच्या आहेत त्यांना. आणि खिडकीवरचा तो एक प्रसंग माझ्या तोंडून टेप करून घ्यायचा आहे. त्या प्रसंगाचं मी आजवर सगळ्यांना एकच सांगत आले. उद्या तेच सांगायचं का दुसरं, हे मला ठरवता येईना, म्हणून कागद घेऊन बसले.

त्या म्हणतात, आपल्या भागात बायकांच्या बाजूनं उघड लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्या. असाल. मला तुमचं लिहिणं कळायच्या आधी तुमची बदनामी कळली होती. पिंपळवंडीला माझ्या सासरी तुमचं पहिलं पुस्तक होतं, पण घरात नव्हतं. थोरल्या जावेनं ते माहेरून आणलं आणि वर्षाच्या आत ती माहेरी गेली, ती परत आलीच नाही. सासूनं ठरवून टाकलं की ते पुस्तक असतं त्या घरात सून टिकत नाही. मग जाळायचं, तर त्यात अक्षरं. अक्षर म्हणजे सरस्वती, तिला चुलीत कसं घालायचं? नदीत सोडायचं, तर तेव्हा नदीला पाणी नव्हतं. शेवटी तांबड्या फडक्यात बांधून गोठ्याच्या आढ्याला टांगलं. पुढं गाय गाभडली, तर त्याचाही आळ तुमच्यावर. मी धारेला जायची तेव्हा ते गाठोडं वर हलत असायचं, वारा नसताना. मला भीती वाटली की मी तिकडंच जाते, लहानपणापासून. एक दिवस गव्हाणीवर चढले आणि गाठ सोडली. माझं शिक्षण सहावीपर्यंत, तेही मेंढरांच्या मागं, एका गावच्या शाळेत महिना तर दुसऱ्या गावच्या शाळेत आठवडा. बोट ठेवून ठेवून वाचलं. घरात केरसुणीची जागा ठरलेली असते, उखळाची ठरलेली असते, बाईनं टेकायची तेवढी कुणी ठरवलेली नसते, असं काहीसं होतं त्यात. मी शेणाच्या पाटीवर बसून ते वाचत होते आणि मागं गाय रवंथ करायची थांबली होती. वळून बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती.

माझा नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. माणूस बरा होता. मलाच एका जागी राहवत नव्हतं. निमगाव साव्याला आईकडं गेले, आई म्हणाली, "अगं, काय दुखतंय तुला ते तरी सांग." दुखत काहीच नव्हतं. मग कांदा लावायला जा, द्राक्षाच्या बागेत जा, टोळीबरोबर उसाला जा, असं करत करत दोन वर्षं गेली, आणि एका बाजारच्या दिवशी मी शिनोलीच्या रस्त्यानं चालले होते. भर बाराची वेळ. तुमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीला सावली होती, खाली दगड होता, वर खिडकीच्या फळ्या खिळे मारून बंद. दगडावर एक म्हातारी बसली होती, रस्त्याकडं तोंड करून, पाटी उतरवून. आणि एकटीच बोलत होती. "धाकट्यानं काल परत ताट फेकलं. माज्या अंगावर न्हाई, तिच्या. मी काय बोलले न्हाई. बोलायला पायजे व्हतं." मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय हिचं. तेवढ्यात बंद फळीच्या आतून एकदा वाजलं. टक्. म्हातारीनं मान हलवली, पाटी उचलली, चालायला लागली. जणू दुकानदारानं सुटे पैसे परत दिले.

मी पळायचं सोडून त्या दगडावर बसले. तुमची रीत मला नंतर कळली. पुस्तक आलं तेव्हा तुमच्या जुन्नरच्या भाषणात कुणीतरी दिवे घालवले, गावातल्या बायका तुमच्या दारात यायच्या बंद झाल्या, कारण दारात गेलेली बाई दिसते. खिडकीखाली बसलेली मात्र दम खाणारी दिसते. म्हणून बाजारच्या दिवशी तुम्ही बंद फळीमागं वही घेऊन बसायच्या. लाकडी पट्टीनं एकदा वाजवलं म्हणजे ऐकलं. दोनदा म्हणजे पुन्हा सांग. तीनदा म्हणजे मागच्या दारानं आत ये. बाईनं आत बघायचं नाही, तुम्ही बाहेर बघायचं नाही. यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी आपली रस्त्याकडं बघत म्हणाले, "माझा नवरा मारत नाही. तरी मला तिथं राहायचं नाही. हे पाप आहे का?" मग टक्, टक्, टक्. मी भुतासारखी बसून राहिले, तेव्हा आतून तुमचा वैतागलेला आवाज आला, "अगं, मागच्या दारानं ये म्हणतेय!"

तुम्ही मला पाणी दिलंत आणि म्हणालात, "मारत नाही म्हणून राहायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?" मी म्हटलं, कुठंच नाही. "मग आता लिहू," म्हणालात, आणि खरंच लिहिलंत. मी तिथंच राहिले.

तुमच्या स्वैपाकघरात पहिली भाकरी करणारीनं खायची, गरम, तव्याशेजारी बसून, असा नेम होता. मला ती पहिल्या दिवशी गिळेना. तुम्ही समोर बसून बघत होता, म्हणून आणखीच गिळेना. घास तोंडात आणि पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं, सासू का आजी का कोण. तुम्ही म्हणालात, "असतं उभं. खा तू. थकलं की जाईल." महिनाभर खाल्ल्यावर गेलं.

तुमची नजर मंदावली तेव्हा वही माझ्याकडं आली. मी लिहायला बसले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला जे बोललात ते माझ्या कानात आहे. मी लिहिलं होतं, 'ती रडत म्हणाली.' तुम्ही मला ते वाचून दाखवायला लावलंत आणि विचारलंत, "रडत? तुला दिसत होती ती?" मी म्हटलं, आवाजावरून वाटलं. "वाटलं ते तुझ्या घरी. या वहीत ऐकलेलं तेवढंच. त्यांच्याजवळ एवढी एकच वस्तू आहे स्वतःची, त्यात तू तुझी भर घालू नकोस." तो शब्द मला खोडायलाही दिला नाहीत, पान फाडून पुन्हा लिहायला लावलंत. मी रुसून दोन दिवस भीमाशंकरच्या बाजूला निघून गेले, पाय फोडून घेऊन आले. पुढच्या बाजारी माझ्यासाठी कातडी चपला आणून ठेवल्यात, टायरच्या तळाच्या. "भटकायचंच असेल तर धड भटक," म्हणालात. आईनं मला कधी चपला घेतल्या नव्हत्या, मुलगी लांब जाईल म्हणून.

मग तुम्ही गेलात. थंडीचे दिवस, आठ दिवसांचा ताप. पोचवायला वरच्या वाड्यांपासून बायका आल्या, दारातून आल्या, सगळ्यांच्या देखत. इतक्या बायका त्या दारातून कधी आत आल्या नव्हत्या. तुमच्या पुतण्यानं मला घर राखायला राहू दिलं. आणि पहिला बाजार आला. मी लिहायच्या खोलीत झाडत होते. खिडकी बंद. बाहेर पाटी टेकल्याचा आवाज झाला, बांगड्या वाजल्या, आणि एक बाई बोलायला लागली. तुमच्या तिरडीला हात लावून रडलेली बाई, आवाज मी ओळखला. मला वाटलं सांगावं, बाई गेल्या, आता इथं कुणी नाही. तोंड उघडलं, पण हातानं पट्टी उचलली होती. एकदा वाजवलं. मग ती पुढं बोलायला लागली, जिथं थांबली होती तिथूनच.

नंतर त्या ताट फेकणाऱ्याच्या आईला, त्या म्हातारीला, मी हापशावर गाठलं. म्हटलं, "आजी, बाई गेल्या, माहिताय ना तुमाला?"

"आता गं! मीच तर न्हाऊ घातलं."

"मग खिडकीशी कुणाशी बोलता?"

"बाईंशीच की." ती हापसायची थांबली नाही. "आता तर लई बरं झालं. जित्या व्हत्या तवा जरा भ्याव वाटायचं, छापतील म्हनून. मेलेलं मानूस कुनाला सांगतंय?"

"आणि आतून वाजतं ते?"

तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी नीट, आणि म्हणाली, "वाजतंय तर वाजू दे. तुला गं कशाला पायजे चवकशी?" मी वाजवते हे तिला ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि जाता जाता म्हणाली, "तुजं तू बघ, पोरी. आमी काय इचारतो का, तू कुठं कुठं हिंडतीस ते."

तसं दोन वर्षं चाललं. मी लिहायची, वाजवायची. बाजार संपला की हिंडायला निघायची आणि पुढच्या बाजाराला परत. तिकडं जुन्नर भागात बिबट्या उसात शिरला होता, आई निरोप धाडायची की दुपारचीसुद्धा एकटी फिरू नको, माणसं दिवसाढवळ्या दारं लावून बसलीत. मी फिरायची. उसाच्या कडेनं चालताना पात खसखसली की वाटायचं, आत कुणीतरी आपल्या पावलाला पाऊल लावून चालतंय. बिबट्याचं सांगते आहे बघा. सांगायचं वेगळंच आहे.

त्या उन्हाळ्यात डिंभ्याच्या धरणाचं पाणी लई खाली गेलं आणि बुडालेलं जुनं आंबेगाव वर आलं. देवळाचा दगड, घरांची जोती, रस्ते. ते बघितल्याशिवाय मला झोप लागेना. बाजाराच्या आदल्या दिवशी मागच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि निघाले, संध्याकाळी परत येते म्हणून. तिथं भेगाळलेल्या गाळात एक म्हातारं माणूस उंबऱ्यावर बसलं होतं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसता उंबरा. मला म्हणाला, "पावणं, आत या की." मी उंबरा ओलांडून आत गेले, म्हणजे उघड्यावरच. तो मला चूल कुठं होती ते दाखवत होता, त्याची बायको कुठं बसायची, बाळंतपण कुठल्या कोपऱ्यात झालं. "हितं पाय नका ठिवू," म्हणाला, "हितं तिचं हातरून असायचं." मी पाय उचलला. पायाखालची माती बाकीच्या गाळापेक्षा गार होती, असं मला वाटलं. वाटलं, हं बाई, लिहीत नाही. आमच्या नात्यातल्या एकाचा मेंढरांचा वाडा काठाला बसला होता, तिथं चहा झाला, जेवण झालं, राहणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मला आठवलं की आज बाजार. सावली पायाशी आली होती. मी स्वतःला म्हटलं, एक बाजार नसलं कुणी तर काय होतंय. आणि बसून राहिले. परत आले ते तिसऱ्या दिवशी. कुलूप जसंच्या तसं.

पुढच्या बाजारी लिहायला बसायच्या आधीच मागच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. धरणाच्या वरल्या अंगाची, तिशीच्या आतली, पाटीत हिरडा. कडेवर दीड-दोन वर्षांची पोरगी. या बाईचा आवाज मी कधी खिडकीतून ऐकला नव्हता.

"ताई, एक इचारू? खरं सांगायचं बरं का."

"इचार."

"मागल्या बाजारी फळीवर तुमीच वाजवलं न्हवं?"

ती उभ्यानंच सांगायला लागली. त्या दिवशी ती हिरडा विकायला निघालीच नव्हती, पाटी नुसती दाखवायला होती. पोरीला सासूकडं ठेवलं होतं. खिडकीशी सांगायचं आणि तिथून सरळ धरणाच्या पाण्यावर जायचं, असं ठरवून ती आली होती. "मी सांगितलं, आता मी पान्यात जाती, माज्या पोरीला माज्या आईकडं द्या म्हनून लिवा. तर एकदा वाजलं. म्हटलं झालं, ऐकलं. उठले. तर परत दोनदा. मी परत सांगितलं. मग तीनदा." ती मागच्या दाराला आली. दार उघडं होतं. आत येऊन भिंतीला टेकून बसली. "पलीकडच्या खोलीत कागद वाजत व्हते, पान उलटल्यावानी. मी वाकून बघितलं न्हाई. बघायचं न्हाई असा नेम हाय ना. ऊन उतरस्तोवर बसले. कुनी काय बोललं न्हाई, पर एकटं वाटंना. मग उठले आन भावाकडं गेले."

मला म्हणायचं होतं, बाई, तू स्वप्नात होतीस. पण ती म्हणाली, "कोनाड्यात तुमी शेंगा वाळत घातल्या व्हत्या. दोन खाल्ल्या. रागावू नका." शेंगा कोनाड्यात होत्या. रस्त्यावरून, खिडकीतून, कुठूनही तो कोनाडा दिसत नाही. कोयंडा जुना आहे, खिळे सैल आहेत, जोर लावला तर कुलपासकट निघतो, हे मला ठाऊक आहे. पण मी आले तेव्हा कोयंडा जागच्या जागी होता. आणि तीनदा कोण वाजवील? उंदीर? वाळलेली फळी उन्हात तडकते, हेही मी स्वतःला सांगून बघितलं. दोनदा वाजवून, थांबून, मग तीनदा तडकणारी फळी मी बघितलेली नाही.

"सांगा ना," ती म्हणाली. पोरगी तिच्या गळ्यातल्या पोतीशी खेळत होती. "तुमीच व्हता ना? आमच्यात म्हनत्यात, मेलेल्या मानसानं बलावलं आन आपन त्याच्या घरात गेलं, तर वरीस काढत न्हाई मानूस. आठ दिस झालं, मला घास जात न्हाई. सासू म्हनती, गेलीस ना त्या खिडकीला, आता बस वाट बघत. बाई आल्या व्हत्या का तुमी व्हता?"

डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. ती पाण्याच्या वाटेवरून परत आली होती आणि आता तुमच्या भीतीनं मरायला टेकली होती. ही गंमत तुम्हाला आवडली नसती. मी म्हटलं, "मीच होते गं. दुसरं कोण असणार?" ती तिथंच खाली बसली आणि इतकी हसली, इतकी हसली, की पोरगी घाबरून रडायला लागली. मग माझ्या पायावर डोकं ठेवलं तिनं. "ताई, तुमी मला जल्म दिला," म्हणाली. ती गेल्यावर मी लिहायच्या खोलीत गेले. वही मिटलेली होती, पट्टी तिच्यावर. त्या बाजाराचं पान कोरं होतं. मी बसून ते भरलं, तिनं सांगितलं तसं, माझ्या कानांनी खिडकीमागून ऐकल्यासारखं. तुमच्या वह्यांत न ऐकलेलं एवढं एकच पान आहे, आणि उद्या त्या प्राध्यापक बाई त्यालाच सगळ्यात आधी हात घालणार आहेत, कारण ती बाई त्यांना भेटली आहे आणि तिनं माझं नाव सांगितलंय.

तिची पोरगी आता शाळेत जाते. ती स्वतः धडधाकट आहे, आवाज चढवून बोलते, बाजारात भाव करते. तिला जर आज कळलं की त्या दिवशी घरात कुणी नव्हतं, तर पुन्हा वरीस मोजत बसेल, वरीस कधीच उलटून गेलं असलं तरी. म्हणून मी उद्या टेपवरही तेच सांगणार. ते पान फाडणार नाही. तुम्ही मला रागवायला हवं होतं असं वाटतं, पण त्या दिवसानंतर खिडकी माझ्यावाचून कधी वाजली नाही. मी तीन-चारदा बाजार चुकवून, मागच्या बाजूला लपून, कान देऊन बघितलंय. आत गप्प असतं. कधी कधी वाटतं, तुम्हाला जे करायचं होतं ते तुम्ही केलंत आणि बाकीचं माझ्यावर टाकून गेलात. कधी वाटतं, मी 'मीच' म्हटलं म्हणून तुम्ही गेलात.

हे पत्र वह्यांबरोबर देणार नाही. कुणालाच देणार नाही, आणि तुमचा पत्ता मला माहीत असता तरी टाकलं असतं असं नाही. एक मात्र लिहून ठेवते. तिचा जीव राहावा म्हणून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले, आणि ते खरंच आहे. पण तोंडातून 'मीच' निघालं ते त्या विचाराच्या आधी निघालं. दोन वर्षं मी लिहीत होते, वाजवत होते, आणि बायका तुमच्याशी बोलत होत्या. कुणीतरी एकदा माझ्याकडं बघून 'तुमीच' म्हणावं, असं वाटत होतं मला. दर सुगीला ती तिच्या खाचरातला नवा तांदूळ घेऊन येते, "ताई, तुमचा," म्हणते, आणि बाई, मी एकदाही नको म्हटलेलं नाही.